आमच्या ह्यांचा आंगठा

आमचे हे, फकिरा, उस्मानपुऱ्यात इस्त्रीचं दुकान चालवतात, पण डोक्यात सदा पिक्चर. गिऱ्हाईकाची पॅन्ट जळू दे, ह्यांचं आरशात बघून डोळे वटारणं चालूच. माझ्या भावानं चितेगावला कंपनीत चांगली नोकरी बघून ठेवलेली, तर तिकडं ढुंकून बघायचे नायत. शेवटी वैतागून मी म्हणलं, "अहो, एकदा पडद्यावर दिसून दाखवा, जल्मात टोकणार नाय. नाय दिसलात, तर मुकाट चितेगाव!"

"मंजूर!" म्हणाले.

अन् देवगाव रंगारीत शूटिंग लागलं, तिथं ह्यांना रोल मिळाला. कशाचा? मढ्याचा! आता बोला. वर थाट असा, की घरातबी श्वास रोखून हिंडायचे. रडायला बाया कमी पडल्या म्हणून मलाबी बसवलं.

डायरेक्टर पुण्याचा, इंद्रजीत नावाचा, पोरगेलासाच. म्हणाला, "मावशी, गावात रडतात तसंच रडा."

गावात काय नुसतं आँ आँ करत्यात व्हय? हेल काढून मेलेल्याचा सगळा पाढा वाचावा लागतो, काय केलं अन् काय करायचं ऱ्हायलं. ह्यांना तिरडीवर बघून मला तर बाई खरंच भडभडून आलं. पायाचे आंगठे बांधलेले, नाकात कापूस. मी सुरू केलं, "अवो माझ्या धन्याऽऽ, पत्र्याला भोक पडलंय होऽऽ, आता कोण बुजवीऽऽल! कवापासून सांगत होते होऽऽ..."

"आईतवारी बुजवतो म्हणलं ना!" मढं बोललं.

सगळे खो खो हसायला लागले. इंद्रजीतनं कपाळ बडवलं. परत घेतलं. मी बिघडलेल्या मिक्सरवर आले, तर मढं भांडायला उठून बसलं. शेवटी इंद्रजीतनं ह्यांच्या तोंडावर चादर ओढली अन् शूटिंग उरकलं.

पिक्चर लागला. ह्यांनी नवा शर्ट घातला, सगळं सासर-माहेर थेटरात नेलं. पडद्यावर मी ही एवढी मोठी, धाय मोकलून रडतेय. अन् हे? चादरीखाली. दिसले फक्त बांधलेले आंगठे.

बाहेर आल्यावर म्हणाले, "आशे, सोमवारपासून चितेगाव." आवाज लई बारीक झाला होता. जितले होते मी, पण आग लागो त्या जितण्याला!

"कशाचं चितेगाव?" मी भावादेखत वरडले. "दिसलात की तुमी! त्यो आंगठा काय शेजाऱ्याचा व्हता?"

तेवढ्यात इंद्रजीतचा फोन आला. "मावशी, पुढच्या पिक्चरमध्येही रडायला तुम्हीच पाहिजेत."

"येते की," मी म्हणलं, "पण मढं आमचंच घ्या. लोकाच्या मढ्यावर मला रडू येत नाय."