बळीरामच्या पत्राचे उत्तर

मी एक जुना रोड रोलर आहे. माझ्या सीटखालच्या पान्यांच्या पेटीत दोन वर्षे एक पत्र पडून होते. त्याचे उत्तर खरे तर मीच द्यायला हवे होते. पण मला बोलता येत नाही. आताही, मित्रांनो, नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

माझे मालक गोपाळराव नागपुरात रस्त्यांचे ठेके घेतात. मला बळीराम चालवायचा. "चाल गा म्हाताऱ्या," म्हणून तो माझ्या चाकावर थाप मारी आणि मी निघे. वेग माणसाच्या चालीचा. घाई मला कधी जमलीच नाही. बेसा भागातले कितीतरी रस्ते आम्ही दोघांनी सपाट केले.

एका पोळ्याच्या सुट्टीत मला कुणीतरी पळवले. चार दिवसांनी कळमेश्वरला एका बंद गोदामामागे मी सापडलो. चोर सापडले नाहीत.

"चावी तुयाजवळच होती ना गा?" गोपाळरावांनी सगळ्या मजुरांदेखत बळीरामला विचारले.

त्याने चावी सीटवर ठेवली आणि तो गावी निघून गेला. आठ दिवसांनी त्याचे पत्र आले : "मालक, म्या रोलर नाही नेला. त्यालेच विचारा."

मला खरे ठाऊक होते. चोरांना चावी लागलीच नव्हती. लोखंडी दोराने ओढून त्यांनी मला ट्रेलरवर चढवले होते. पण सांगणार कसे? गोपाळरावांनी पत्र पेटीत कोंबले. चावी ते स्वतःच्या खिशात ठेवू लागले.

पुढे त्यांची मुलगी मयुरा हिने माझ्या अंगात काडेपेटीएवढे जीपीएस यंत्र लपवले. मी कुठे आहे आणि माझे इंजिन चालू आहे की बंद, हे ते तिच्या मोबाईलला कळवते. गेल्या रविवारी दुपारी हुडकेश्वरच्या कामावरून मला पुन्हा उचलले. घरी काय झाले, ते मयुराने नंतर माझ्याशेजारी उभी राहून मजुरांना सांगितले.

"बाबा, आपला रोलर चाळीसच्या स्पीडनं पळून राहिला!"

"येडी झाली का वं? तो का घोडा हाये?"

"आन् इंजिन बंद दाखवून राहिलं."

गोपाळरावांनी खिसा चाचपला. चावी तिथेच होती.

"म्हणजे ट्रेलरवर हाये," ते म्हणाले. मग हळूच, "मंग तवाही..."

पोलिसांनी तासाभरात ट्रेलर अडवला.

दुसऱ्या दिवशी गोपाळराव माझ्या सीटवर बसून लिहू लागले. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिले : "बळीराम, त्याले विचारलं. तू खरा होता, मी चुकलो. ये."

मित्रांनो, आपली वाहने जपा, त्यांत असे यंत्र जरूर बसवा. आणि एखादी वस्तू हरवली, तर जवळच्या माणसावर बोट रोखण्याआधी थोडे थांबा. मी तर आयुष्यभर सावकाशच चाललो. त्याने माझे काही बिघडले नाही.

गोपाळरावांनी पत्राबरोबर माझी चावीही पाकिटात घातली. समोरच्या कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीत ते पाकीट पडले, तेव्हा खणकन वाजले. मला इथवर ऐकू आले.