चार बोटं उंच सीट

मित्रांनो, मी एक जुनी चाचणीची गाडी आहे. माझ्यासारख्या हजारो गाड्या पुढे रस्त्यावर धावल्या, पण मी स्वतः कधी विकली गेले नाही. मोटारीएवढी आखूड आणि जीपसारखी उंच, असं माझं रूप. ते कुणी ओळखू नये म्हणून मला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांचा कागद चिकटवला होता. त्या अवतारात मी खड्ड्यांत आपटले, चिखलात रुतले, पण कुरकुर केली नाही.

मला घडवणाऱ्या इंजिनिअर बाईंच्या वडिलांचे गुडघे पार गेले होते. मोटारीतून त्यांना दोघांनी ओढून काढावं लागे. चारचौघांत लाज वाटते म्हणून त्यांनी बाहेर पडणंच सोडलं होतं. बाईंनी माझी सीट उंच ठेवली ती त्यांच्यासाठी. मोठ्या साहेबांना मात्र मी ठेंगणी, झोकदार हवी होते.

"सीट चार बोटं खाली घ्या," ते म्हणाले. "आपण सगळ्यांनी बसून पाहिलंय. कुणालाच त्रास नाही."

बसून पाहणारे सगळे ऐन तिशीतले, रोज व्यायाम करणारे! त्यांना कसला त्रास होणार?

बाईंनी वडिलांची मनधरणी करून त्यांना कारखान्यात आणलं. ते पाठमोरे होऊन माझ्या सीटवर टेकले आणि पाय आत घेतले. उतरताना साहेबांनी हात पुढे केला.

"राहू द्या, मी उतरतो," वडील म्हणाले आणि उतरले. सीटचा विषय तिथेच मिटला.

बाजारात आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. ना धड मोटार, ना धड जीप, असं छापूनही आलं. मग कंबरदुखीने बेजार झालेल्या काकू आणि कडेवर लेकरू असलेल्या आया आम्हाला शोधत येऊ लागल्या. आम्ही हातोहात खपलो. ते पाहून जो तो तशीच गाडी काढू लागला. चढाओढीत माझ्या धाकट्या बहिणींना स्टिअरिंगशेजारी टीव्हीसारखे मोठे स्क्रीन आले, रुंद चाकं आली, आणि दिमाखापायी सीट खाली गेली. जुनं गिऱ्हाईक तुटलं. शेवटी कंपनीने आमचं नावच बंद केलं.

आता मला भंगारात काढणार आहेत. काल बाई निरोप घ्यायला आल्या होत्या. दारावर हात ठेवून म्हणाल्या, "बाबा शेवटपर्यंत तुझ्यासारख्याच गाडीतून फिरले, आणि स्वतःच उतरले गं."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कुणालाच त्रास नाही, असं म्हणण्याआधी जे आलेच नाहीत, त्यांना घरी जाऊन विचारा.