तेल वरून, तेल खालून

घट बसले त्या सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हातात जपमाळ आणि कान देवघराच्या भिंतीला लागून परसात उभारलेल्या पत्र्याच्या खोलीकडे. तिथं आमचे हे, भगवानराव, आणि इलियास मिस्त्री सरकीच्या तेलाचं तूप करत होते.

हे हैदराबादेत रसायन शिकून आलेले. मोमिनाबादेत परतल्यावर त्यांनी माणसाहून उंच लोखंडी नळा उभा केला, त्यात निकेलचा लेप दिलेले खडे भरले. तापलेल्या खड्यांमधून तेल आणि तेजाबापासून काढलेला वायू एकत्र गेला, की तेल थिजायला हवं. उन्हाळ्यात हाच वायू भडकला आणि ह्यांच्या भुवया नि उजवा हात भाजला. तेव्हा मी गावच्या देवीला, योगेश्वरीला, नवस बोलले, ह्यांना सांभाळ, नवरात्रात अखंड दिवा ठेवीन, विझू देणार नाही.

दोघांचं भांडण एकच. तेल वरून सोडायचं की खालून?

"वरून आपसूक उतरतं, जोर लावावा लागत न्हाई," इलियास म्हणायचा.

"उतरतं, पण आपली वाट धरून. कडेकडेनं ओघळतं, निम्मे खडे कोरडेच. ही वाटी बघ, अर्धं तूप, अर्धं तेल. खालून चढवलं तर सगळे खडे बुडतील."

"आन् समदे सांधे फुसफुसतील, त्याचं काय?"

खालून चढवायचा पंप जिनिंगवाल्यांकडून मागून आणलेला. दसऱ्याला कापूस सुरू झाला की परत द्यायचा. म्हणून सातव्या माळेला दुपारी हे देवघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले.

"आज खालून सोडतोय. वायू हलका असतो, सुटला तर पत्र्याखाली साठतो. तिथनं त्या फटीतून इकडं येईल." त्यांनी मधल्या भिंतीकडे बोट केलं. "दिवा शांत कर."

"अहो, तुमच्याचसाठी लावलाय."

"माहीत हाय. म्हणूनच सांगतोय."

मांडलेला घट हलवायचा नसतो. पण ज्योतीवरून ज्योत लावायला कुठं मनाई आहे? मी निरांजन लावून घेतलं, समईला हात जोडून ती शांत केली, आणि पदराआड ज्योत धरून गल्लीपलीकडे इलियासच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं, रहिमाबीनं, लगेच उतरंड सरकवली, कोपरा ओल्या फडक्यानं पुसला.

"हितं ठेवा, सत्यभामाबाई. वारं लागत न्हाई." मग शेजारी टेकत म्हणाली, "आमची म्हैस सकाळधरनं रुसलीया. म्हणती, दगडातनं तूप निघाया लागलं, आता माजं काय काम?"

मला हसू आलं नाही. तिलाही आलं नव्हतं.

गल्लीपलीकडे पंपाचा दांडा कुरकुरत होता. ती कुरकुर ऐकू येतेय तोवर सगळं ठीक, असं मी मनाशी धरून बसले. कुरकुर थांबली. मग धाडकन पत्रा वाजला.

मी उठले ती निरांजनासकट. गल्ली ओलांडून परसाच्या फाटकाशी आले, तर इलियास खोकत बाहेर येत होता. त्याचा हात मनगटातून लोंबत होता.

"वैनी, दिवा! दिवा आणू नगा! खडे उसळून वरच्या नळीत अडकले, झाकण उडालं. आत समदा वायू हाय!"

"हे कुठं हायत?"

"वायूची चावी बंद करत्यात. एकट्यानं फिरंना. माजा तर हातच गेला."

रहिमाबी मागून धावत आली, तोवर इलियास फाटकाला टेकत खाली घसरायला लागला. तिनं त्याला दोन्ही हातांनी सावरलं. दिवा घ्यायला कुणी मोकळं नव्हतं. परत जायला वेळ नव्हता, आणि ह्या वाऱ्यात तो खाली ठेवायची सोय नव्हती. मी वात चिमटीत दाबली. बोटं चरचरली. निरांजन कपाळाला लावून फाटकाच्या खांबावर ठेवलं आणि आत गेले.

हे चावीला लोंबकळत होते. मला बघून पहिलं विचारलं, "दिवा?"

"शांत केला."

दोघांनी मिळून जोर लावला. चावी करकरली, अडली, फिरली. फुसफुस थांबली.

झाकण उडायच्या आधी परातीत जमलेलं तेल संध्याकाळी आम्ही अंगणात आणलं. ह्यांनी परात उपडी धरली. आश्विनाच्या त्या उकाड्यातही काही सांडलं नाही. सगळं एकसारखं थिजलेलं, पण राखेच्या रंगाचं.

"खडे एकमेकांवर घासले," हे म्हणाले. "त्याची पूड उतरलीय."

"म्हनलं न्हवतं, खालून नगं म्हनून? खालून खडे थांबत न्हाईत." इलियासचा हात झोळीत होता, तोंड मात्र मोकळं. "वरूनच सोडा. वर चाळणी बसवू, सगळीकडं सारखं पडंल."

"नाहीतर खालूनच, वर जाळी दाबून."

"आधी ह्यांचं मनगट बसवा, मग जाळी," रहिमाबी म्हणाली.

मी देवघरात आले. घटातलं धान बोटभर वर आलं होतं, हिरवं-पिवळं. हे मागोमाग उंबऱ्याशी आले.

"वात लाव ना."

"उद्या वरून की खालून?"

"वरून."

"मग सांधे फुसफुसणार नाहीत?"

"सहसा नाहीत."

सहसा. मी समईत तूप घातलं, वात सारखी केली, पण काडी ओढली नाही. परसात जाऊन काळी माती भिजवली, शिडी लावली आणि ती भिंतीवरची फट लिंपायला घेतली. फट बुजेपर्यंत तू अंधारात बस, असं मी देवीला सांगितलं. हे खालून शिडी धरून उभे होते.