चौथ्या मेंढ्याचं हाड

उलकानला जिराफ बघायचा होता. मागणं एवढंच. पण एकसष्टाव्या वर्षी मला दुसरा नवरा करायचाय असं तिने जाहीर केलं असतं, तरी अट-बाशी गावातल्या लोकांनी इतकी तोंडं वाकडी केली नसती.

चौतीस वर्षं ती गुरांची डॉक्टर होती. घोडे, याक, मेंढ्या, एकदा तर सर्कशीतून पळालेला उंटसुद्धा. कंबरभर बर्फात उभं राहून तिने अडलेल्या घोड्या मोकळ्या केल्या होत्या. आणि एवढ्या वर्षांत एक प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नव्हता. जिराफाच्या इतक्या उंच मानेतून रक्त डोक्यापर्यंत चढतं कसं, आणि पाणी प्यायला मान खाली घातली की ते डोकं फुटत कसं नाही? उत्तर पुस्तकात होतं आणि ते तिला तोंडपाठ होतं. पण पुस्तकातली घोडी आणि गोठ्यात लाथा झाडणारी घोडी यांत किती अंतर असतं, हेही तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणून निवृत्त झाली त्या दिवशीच तिने ठरवलं, केनियाला जायचं आणि डोळे भरून बघायचं.

"अगं, मग अल्माटीच्या प्राणिसंग्रहालयात जा की," नवरा जुमाश म्हणाला होता. "सकाळी जाऊन दुसऱ्या दिवशी परत."

"पिंजऱ्यातलं जनावर म्हणजे पेशंट, एल्दियारच्या बापा. पेशंट मी पुष्कळ बघितले. मला आता धडधाकट जनावर बघायचंय."

पण ठरवणं वेगळं आणि निघणं वेगळं. पहिल्या वर्षी दिराच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यात तो उन्हाळा गेला. दुसऱ्या वर्षी चुलत सासरे जाऊन वर्ष झालं, त्याचं जेवण आलं. तिसऱ्या वर्षी तिने बॅग भरली, आणि जाता जाता शेजाऱ्याच्या घोडीचा खूर बघायला वाकली, तेवढ्यात घोडीने गुडघ्यावर अशी लाथ हाणली की तीन महिने काठी हातात आली. गाव खूश झालं. देवानेच थांबवलं म्हणे! देवाला उलकानच्या गुडघ्याशी काय देणंघेणं होतं कोण जाणे.

चौथ्या वर्षी ती शहाणी झाली. आधी तिकीट काढलं, मग घरात सांगितलं. शनिवारी दुपारी दोनला गाडी घरी येणार, डोलोन घाटाचा रस्ता डागडुजीसाठी संध्याकाळी पाचला बंद होतो त्याआधी घाट ओलांडायचा, रात्री बिश्केक, आणि पहाटे विमान. सांगून चार दिवस झाले नाहीत तोच धाकटा दीर सागीन दारात उभा. नातू चालायला लागलाय, त्याच्या पायाची दोरी कापायचा समारंभ करायचाय. तारीख? शनिवार.

"कोणता शनिवार?" उलकानने विचारलं.

"तोच की, जेंगे," सागीन म्हणाला. आमच्याकडे वहिनीला जेंगे म्हणतात, आणि काम काढून घ्यायचं असलं की फार गोड म्हणतात. "आणखी कोणता असणार? आता दोनशे माणसांना आमंत्रणं गेलीत. अकीमसाहेब येणार आहेत बायकोला घेऊन. अख्ख्या जिल्ह्याचा कारभार बघणारा माणूस माझ्या दारात येणार, आणि तुझ्याशिवाय हाडं कोण वाटणार?"

खरं दुखणं इथेच होतं. आमच्याकडे पाहुण्यापुढे नुसतं मांस ठेवून चालत नाही, त्याचं हाड ठेवावं लागतं. कोणाला नळीचं, कोणाला खुब्याचं, कोणाला फऱ्याचं, हे वय, नातं आणि मान बघून ठरतं. सगळ्यांत वयस्क बायकांना उचा, म्हणजे शेपटाकडचं चरबीदार हाड. एक हाड चुकीच्या ताटात गेलं तर माणूस काही न बोलता जेवतो आणि पुढची वीस वर्षं तुमच्या दारात पाऊल टाकत नाही. थोरली सून म्हणून हे काम अडतीस वर्षं उलकानकडे होतं. एकदाही चूक नाही. जनावराचा सांधा न् सांधा तिला ठाऊक आणि भावकीतला रुसवा न् रुसवा.

आणि या अडतीस वर्षांत तिच्या स्वतःच्या ताटात काय पडायचं? कढईच्या तळाशी जे उरेल ते. सून ती सून. सासू कालिपा शहाऐंशीची होती, आणि ती असेपर्यंत उलकान या घरात पोरगीच.

"ठीक आहे," उलकान म्हणाली. "मेंढे सकाळी सातला कापा. अकराला मांस शिजेल, बाराला मी वाटीन, दोनला निघेन."

"हो हो, म्हणजे काय!" सागीन म्हणाला, आणि इतक्या पटकन म्हणाला की तिला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शनिवारी ती सात वाजता सागीनच्या अंगणात हजर झाली. मेंढे मजेत चरत होते. आठ वाजले. मौलवीसाहेब यायचे आहेत म्हणे. नऊ वाजता मौलवीसाहेब आले आणि चहाला बसले. दहाला सुरी बोथट निघाली. शेतकऱ्याच्या घरात, चार मेंढे कापायच्या दिवशी सुरी बोथट! उलकानने बोरसोकचे पिठाचे तुकडे तळत तळत हे सगळं बघितलं आणि तिची कानशिलं तापली.  बारा वाजून गेल्यावर एकदाचे मेंढे कापले गेले. एक वाजता तिच्यापुढे चार परातींमध्ये कच्चं मांस येऊन पडलं, आणि कढईतलं पाणी नुकतं कुठे कोमट झालेलं.

"चारपर्यंत शिजेल," सागीन हात पुसत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचा भाव होता, पण तो त्याला नीट बसत नव्हता. "आता काय करणार, जेंगे! जिराफ कुठे पळून जातोय? पुढच्या वर्षी जा. एवढं वय झालं, लोक हसतात गं. माझ्या तोंडावर हसतात. तुमची वहिनी माकडं बघायला चालली का म्हणून विचारतात."

"जिराफ," उलकान म्हणाली.

"तेच ते."

ती पाटावर बसली. बाहेर अंगणात पोराच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधणं चाललं होतं. एका वर्षाच्या पोराचे पाय मोकळे करायला दोनशे माणसं जमली होती, आणि एकसष्ट वर्षांच्या बाईचे पाय बांधायला त्याच घरातले चौघे पुरले होते. तिला रडू येईलसं वाटलं. मग राग आला, आणि रागाने रडू पळवून लावलं. उठून जावं? गेली असती, तर दोनशे लोकांसमोर हाडांचा गोंधळ झाला असता आणि सगळ्यांना बोलायला बरं सापडलं असतं. बघा, बाई गेली फिरायला आणि घराची अब्रू घालवली. हेच तर सागीनला हवं होतं. काम अर्धवट टाकून ती आयुष्यात कुठून उठली नव्हती, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"ऐजीरेक!" तिने हाक मारली. ऐजीरेक सागीनची सून, त्या पोराची आई. बावीस वर्षांची, भित्री, पण हाताला चलाख. "पळत माझ्या घरी जा. गोठ्याच्या फळीवर पत्र्याचा डबा आहे, मेंढ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचा. जुने अल्युमिनियमचे, न वापरलेले. तो आण, आणि तारेचं भेंडोळं."

"बिल्ले कशाला, चोन अपा?" थोरल्या सासूला ती अशीच हाक मारायची.

"आणशील तेव्हा कळेल."

दहा मिनिटांत डबा आला. उलकानने बिल्ले चहाच्या उकळत्या पाण्यातून काढले, जाड सुई घेतली आणि एकेका बिल्ल्यावर नाव कोरायला बसली. मग कच्च्या मांसात हात घातला. नळी उचलली, सांध्यामागून तार फिरवली, पीळ दिला, बिल्ला अडकवला. ओमोर आजोबा. खुब्याचं हाड, मौलवीसाहेब. फरा, पोराचा मामा. हात असे चालत होते की बघणाऱ्याला वाटावं बाई लोकर विणतेय. मानाची वीसेक हाडं होती, बाकी मांस कोणीही कोणालाही वाढलं तरी चालणार होतं.

"शिजलं की नाव वाचायचं आणि त्या माणसापुढे ठेवायचं," ती ऐजीरेकला म्हणाली. "तार कापायला ही पक्कड. वाचता येतं ना?"

"येतं," ऐजीरेक म्हणाली आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर दाबून हसायला लागली.

सागीन आत आला आणि परात बघून जागीच थबकला. "हे काय चाललंय? माणसांना बिल्ले? मेंढ्यांसारखे?"

"चौतीस वर्षं मेंढ्यांना लावले. एकीनेही तक्रार केली नाही."

"अकीमसाहेबांच्या नावाचा बिल्ला? जेंगे, माझं नाक कापशील!"

"मग सकाळी सातला मेंढे कापायचे होतेस, सागीन. सुरी बोथट होती ना तुझी? माझी नाही."

 बाहेरून गाडीचा हॉर्न वाजला. जुमाश तिची बॅग घेऊन फाटकाशी उभा होता. चेन तुटली म्हणून बॅगेला त्याने घोड्याचा पट्टा आवळून बांधला होता. तो आत आला नाही आणि परत घरीही गेला नाही. जुमाशच्या मानाने हे बंडच होतं.

शेवटी परातीत चार उचे उरले. पहिल्यावर तिने सासूचं नाव बांधलं. दुसऱ्यावर पोराच्या आईकडच्या पणजीचं. तिसऱ्यावर शेजारच्या बुरुल आजींचं. चौथा उचलून ती थांबली.

"तो अकीमसाहेबांच्या बायकोचा," सागीन घाईने म्हणाला.

"किती वर्षांची आहे ती?"

"असेल पस्तीसची. पण मान—"

"उचा वयाला मिळतो. नवऱ्याच्या खुर्चीला नाही." उलकानने अकीमच्या बायकोचा बिल्ला घेतला आणि फऱ्याला बांधला. मग एक कोरा बिल्ला घेतला. सुई टेकवली. अडतीस वर्षांत दुसऱ्यांची नावं मनात धरून हाडं वाटली होती, स्वतःचं नाव एकदाही त्या यादीत आलं नव्हतं. उ-ल-का-न. तिने तार आवळली आणि चौथा उचा कढईत सोडला.

"हा माझा," ती म्हणाली. "माझी गादी बायकांच्या रांगेत घालायची, सासूबाईंच्या शेजारी. गादीपुढे हा ठेवायचा."

"पण तू नसणारच!" सागीन ओरडला.

"नसले तरी ठेवायचा. कोणी हात लावायचा नाही."

दाराशी काठी आपटली. कालिपा सासू उंबऱ्यात उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. तिने कढईकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

"सून असून उचा मागतेस?" म्हातारी म्हणाली. "माझ्या घरात?"

 ऐजीरेकचं हसू कुठल्या कुठे गेलं. उलकानने ॲप्रन सोडला, घडी घातली आणि पाटावर ठेवला.

"मागत नाही, अपा," ती म्हणाली. "वाटणारी मी आहे."

म्हातारी उंबऱ्यातून हलली नाही. उलकान तिच्या बाजूने बाहेर पडली, दुखऱ्या गुडघ्यावर जरा लंगडत, अंगणातल्या दोनशे माणसांमधून सरळ. कोणीतरी हसलं. कोणीतरी ओरडलं, "डॉक्टरीणबाई, माकडांना आमचा सलाम सांगा!" तिने वळूनही बघितलं नाही. जुमाशने बॅग डिकीत ठेवली आणि तिला गाडीत बसवून दार लावलं. "गोळ्या घेतल्यास ना गुडघ्याच्या?" एवढंच तो म्हणाला, आणि तेही खाली बघून.

नारीन शहर मागे पडलं. घाटात ट्रकांच्या रांगेने पाऊण तास खाल्ला, उलकान घड्याळाकडे बघत ओठ चावत राहिली. पाचला सात मिनिटं असताना तिची गाडी अडसराखालून गेली, आणि पलीकडच्या उतरणीला लागल्यावर तिने अडीच तासांत पहिला मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात फोन वाजला. ऐजीरेक होती, कुजबुजत.

"चोन अपा, वाढून झालं. कोणी रागावलं नाही. ओमोर आजोबा म्हणाले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं हाड मलाच मिळालं याची लेखी खात्री झाली. बिल्ला खिशात घातला त्यांनी! अकीमसाहेबांची बायको फरा खातेय."

"आणि माझं?"

"तुमच्या गादीसमोर आहे. आमचे सासरे आता उचलायला गेले होते, पाहुण्यांना कमी पडतंय म्हणून." ऐजीरेकचा आवाज आणखी खाली आला. "तर कालिपा आजीने काठी मारली त्यांच्या हातावर. जोरात. आता ती काठी आडवी ठेवून बसलीये तिथे. कोणाला जवळ येऊ देत नाहीये. पण चोन अपा, तुमचं हाड पार गार झालंय."

उलकान खिडकीबाहेर बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी तिने ते येऊ दिलं.

"होऊ दे गार," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "जरा दाब की पोरा, विमान काय माझ्यासाठी थांबणार आहे?"