खाट रिकामी आहे

"ताई, इथं खाट नाही म्हणतायत. तुझंच पान बघून आलो ना आम्ही!"

धाकटी फोनवर ओरडत होती. गाडीत मागे अण्णा होते. सकाळी चहा पिता पिता त्यांचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात लुळा पडला.

ताईनं ऑफिसातल्या पडद्यावर रुग्णालयांतल्या रिकाम्या खाटा दाखवणारं संकेतस्थळाचं पान उघडलं. हिरव्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, खाट रिकामी आहे. फोनाफोनी करून तिनं पुलापलीकडच्या रुग्णालयात जागा मिळवली. पण तिथं पोचायला तास लागणार होता.

पान तिनंच बांधलं होतं. दर वेळी रुग्णालयाला विचारत बसलं तर पान रखडतं, म्हणून एकदा आलेलं उत्तर क्लाउडवर साठवायचं आणि तेच सगळ्यांना दाखवायचं. यात वावगं काही नव्हतं. फक्त उत्तर कधीचं आहे, ते खाली लिहायला हवं. तशी ओळ तिनं लिहिलीही होती. आज पानाचा त्या रुग्णालयाशी संपर्कच तुटला होता आणि ते कालचं शिळं उत्तर ताजं म्हणून वाढत होतं. ओळ जागेवर नव्हती.

ती तडक साहेबांसमोर उभी राहिली.

"वेळेची ओळ कुणी काढली?"

"मीच. लोकांना उगाच शंका येते गं. पान कसं सुटसुटीत हवं."

"शंका यायलाच हवी होती. माझे वडील त्या दारातून परत फिरलेत."

"अरेरे. पण हे कुणाच्या हातात असतं का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओळ काढताना बरा हात चालला होता याचा!

"तुमच्या हातात होतं," ती म्हणाली. जागेवर येऊन तिनं ओळ परत घातली, लाल आणि मोठी: ही माहिती कालची आहे, आधी फोन करा.

"मला विचारल्याशिवाय बदल करायचा नाही," साहेब मागून म्हणाले.

"काढून दाखवा आता."

तासाभरानं धाकटीचा फोन आला. आवाज पार बसला होता.

"घेतलं गं दाखल करून. पण उशीर झाला म्हणतात. गाडीत सारखं तुझं नाव घेत होते, आता बोलणंच गेलंय. तू बोल, मी कानाला लावते."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"अण्णा, मी बोलतेय," ती म्हणाली आणि फोन कानाशी धरून थांबून राहिली.