दाखवायची लाकडं

आमच्या फाटकाशी लाकडांची थप्पी आहे. पुरुषभर उंच, पंधरा पावलं लांब, सगळी फोडलेली लाकडं एका मापाची, दोरी धरून रचल्यासारखी. दोन वर्षं वाळलेला ओक आणि बर्च. बाहेर नाकातलं पाणी गोठतंय आणि कालपर्यंत मला त्यातलं एकसुद्धा लाकूड जाळायची परवानगी नव्हती.

ही सगळी आमच्या ह्यांची, तुंग शिंगवांग यांची अक्कल. आमच्या डोंगरात मुलगी द्यायची तर लोक आधी मुलाच्या घरची लाकडं बघतात. आमचा मुलगा छांगशान अठ्ठावीसचा झाला, दोन स्थळं मोडली, तेव्हा ह्यांनी डोक्यात घेतलं की यंदा थप्पीला भगदाड पडता कामा नये.

"मग चुलीत काय घालू? तुमची टोपी?"

"मक्याची ताटं आहेत की. लग्न ठरेपर्यंत जरा दम धर, छांगशानची आई."

मक्याचं ताट भसकन पेटतं आणि पाण्याला आधण यायच्या आत राख होतं. चुलीचा धूर आमच्या झोपायच्या विटांच्या ओट्याखालून फिरतो, पण असल्या जाळाने चुलीकडचं टोक तेवढं कोमट होतं. तिथे हे घोरतात. मध्ये छांगशान. पलीकडच्या टोकाला मी, अंगावर होते नव्हते तेवढे कपडे घालून. दोन महिने झाले, माझे गुडघे सरळ होत नाहीत. रडू येतं, इतका संताप येतो.

काल सकाळी छांगशानला सांगून आलेल्या मुलीची आई श्याबाई आली. थप्पीपुढे थांबली, एक लाकूड दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकला.

"खणखणीत वाळलंय! अशी रचणी अख्ख्या खोऱ्यात नाही बघितली."

ह्यांची छाती फुगली. तिला आत आणून चुलीकडच्या मानाच्या टोकाला बसवलं. मी सूर्यफुलाच्या बिया पुढे ठेवल्या. ती हसत बोलत होती, जमलंच असं मला वाटलं. मग अंगातला कोट काढून ठेवायला ती ओट्यावरून पलीकडे सरकली आणि तिचा हात चटईवर टेकला. तिने तो उचलला नाही.

"दारात एवढी लाकडं, आणि इथे बर्फ?"

"जुना ओटा आहे, हळूहळू तापतो," हे म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. "इथे कोण झोपतं, ताई?"

खोटं बोलता आलं असतं. "मी," म्हटलं. "सून आली की ती."

श्याबाईने कोट परत अंगात घातला. मुलीला लहानपणापासून खोकला आहे, म्हणाली. फाटकाशी ह्यांना म्हणाली, "थप्पी मात्र सुंदर आहे हो."

माझ्या बापानेही याच फाटकाशी सासऱ्यांची थप्पी बघून मला दिलं होतं. त्याने ओट्याला हात लावून बघितला नव्हता.

छांगशान बाहेर गेला आणि थप्पीच्या ऐन मध्यातून लाकडं उपसायला लागला.

"अरे, मधून नको!" हे धावले. "मागच्या बाजूची काढ, दिसायला—"

"कुणाला दिसायला?" मी ओरडले. "आता कोण येणार आहे बघायला?"

मी कवेत मावतील तेवढी लाकडं घेऊन आत आले आणि चूल गच्च भरली.