लाल काठाची कार्डं

निपाणीच्या वाचनालयात कोपऱ्यात उभं असलेलं कार्डांचं जुनं कपाट, ते मी. मित्रांनो, हल्ली माझा खण ओढला की कुरकुरतो. अंगात त्राणच उरलं नाही, दुसरं काय!

एकाहत्तर साली नंदगडकडच्या सागवानातून मला घडवलं. तेव्हा इथे नागोजी मास्तर होते. ते वर्तमानपत्रांतली कात्रणं फायलींत चिकटवत आणि प्रत्येकाचा नंबर माझ्या कार्डांवर लिहीत. पांढरं कार्ड शब्दाचं. ‘पळणे’ या एकाच कार्डावर पळाला, पळाली, पळापळ सगळी गुण्यागोविंदानं नांदत. लाल काठाचं कार्ड माणसाचं. तिथे नाव जसं छापलं तसंच, अक्षर न बदलता.

“शब्दाची साल काढावी, माणसाच्या नावाची न्हाय,” मास्तर म्हणत.

दोन्ही कार्डांवर जो नंबर सापडे, तेच हवं ते कात्रण. दहा मिनिटांत काम होई आणि लोक माझ्या पाठीवर थाप मारून जात.

मास्तर निवृत्त झाले, मारुतीराव कारकून आले. माणूस वाईट नव्हता, पण कामाचा कंटाळा भारी. “शब्द हायेत की, नावं कशाला?” म्हणाले आणि लाल कार्डं रद्दीत घातली. त्या खणात कपबशा आल्या, मागोमाग मुंग्या आल्या. मला फार वाईट वाटलं, पण लाकडाचं ऐकतो कोण?

चौऱ्याऐंशी साली विड्या वळणारी तानीबाई आली. तिची पोरगी यल्लव्वा बेळगावला पळण्याच्या शर्यतीत पहिली आली होती, पेपरात फोटो छापला होता. पुढे पोरगी तापात गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

“तिचं त्वांड इसरत चाललंय, अण्णा,” तानीबाई म्हणाली. “येकदा बघू द्या.”

मारुतीरावांनी ‘पळणे’ काढलं. त्यावर एक्क्याण्णव नंबर! बैल पळाला, चोर पळाले, बाजारात पळापळ. त्यातला यल्लव्वाचा कोणता, हे लाल कार्डानं सांगितलं असतं. मारुतीरावांनी कपबशांच्या खणाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“बसा आक्का. येक येक काढून बघू.”

फायली माळ्यावर विखुरलेल्या, काही वाळवीनं खाल्लेल्या. दोन दिवस गेले. तानीबाई विड्यांचं सूप मांडीवर घेऊनच बसे. मारुतीराव कात्रण दाखवत, ती नाही म्हणून मान हलवी. मला प्रत्येक वेळी धास्ती वाटे, हिचंच कात्रण वाळवीच्या पोटात गेलं असलं तर?

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे हात थांबले. अनवाणी पोर, छातीला दोरी लागलेली, तोंड हसरं.

“व्हय,” ती म्हणाली. “हीच माझी.”

तंबाखूचं बोट तिनं पदराला पुसलं आणि मगच फोटोला लावलं. मारुतीराव खिडकीबाहेर बघत राहिले.

ती गेल्यावर त्यांनी कपबशा काढल्या, खण पुसला, लाल शाईनं एका कार्डाला काठ ओढला.

मित्रांनो, एखादी वस्तू रद्दीत घालण्याआधी तिची वाट बघणारं कोणी आहे का, एवढं विचारत चला. माझा तो खण हजार कार्डांचा आहे. बाकीची पुन्हा कोणी लिहिली नाहीत, आजही त्यात एकच आहे. त्यावर लिहिलंय, यल्लव्वा.